शितावरून भाताची परीक्षा

२९ जून हा दिवस आपल्या देशात 'राष्ट्रीय सांख्यिकी दिन' म्हणून पाळला जातो, हे बहुतेकांच्या गावीही नसते. शिक्षक दिनाला शाळेत फुले दिली जातात, बालदिनाला खाऊ वाटला जातो. पण आकडेवारीच्या नावाने कोण कशाला काय वाटणार? सांख्यिकी म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते रकाने, बेरजा आणि सरकारी कचेरीतल्या धूळ खात पडलेल्या फायली.

आणि तरीही या रकान्यांत आपण सगळे आहोत. आपल्या घरात महिन्याला तेल किती लागते, दूध किती येते, औषधांवर किती खर्च होतो; आपण सकाळी कितीला उठतो, स्वयंपाकघरात कोणाचे किती तास जातात, संध्याकाळी दूरदर्शनसमोर कोण किती वेळ बसते, हे सारे आज देशपातळीवर विचारले जाते, टिपले जाते आणि त्यावरून धोरणे आखली जातात. कोट्यवधी घरांच्या देशात हे विचारायचे कसे, किती घरांना विचारायचे आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास किती ठेवायचा, याची रीत ज्या माणसाने घालून दिली त्यांचा २९ जून हा जन्मदिवस. त्यांचे नाव प्रशांतचंद्र महालनोबिस.

पंचवार्षिक योजनांच्या संदर्भात हे नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेले असते. पण योजनाकार महालनोबिस हा त्या आयुष्याचा एक अध्याय झाला. उरलेले आयुष्य त्याहून अधिक रंगतदार आहे.

चुकलेली गाडी आणि लांबलेली बोट

महालनोबिस यांचा जन्म १८९३ सालचा, कलकत्त्यातला. घराणे ब्राह्मो समाजी. आजोबा गुरुचरण हे त्या सुधारणावादी चळवळीतले खंदे कार्यकर्ते. घरात विद्वानांची, लेखकांची, डॉक्टरांची ये-जा. ब्राह्मो बॉइज स्कूल आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेज असा रीतसर प्रवास करून १९१२ साली त्यांनी भौतिकशास्त्रात पदवी मिळवली आणि पुढल्या वर्षी ते विलायतेला निघाले.

बेत लंडनच्या विद्यापीठात शिकण्याचा होता. सहज म्हणून ते केंब्रिज पाहायला गेले, परतीची गाडी चुकली आणि रात्री एका मित्राकडे मुक्काम करावा लागला. किंग्ज कॉलेजचे ते देखणे प्रार्थनामंदिर पाहून ते इतके हरखले की लंडनचा बेत रद्द करून त्यांनी तिथेच प्रवेश घेतला. एका चुकलेल्या गाडीने आयुष्याची दिशा ठरवली म्हणायला हरकत नाही.

केंब्रिजला त्यांची गाठ पडली श्रीनिवास रामानुजन यांच्याशी. दोघेही परमुलखात एकटे, दोघांचीही गणिताशी सलगी. रामानुजन यांच्या खोलीवर गेले असता थंडीने ते कुडकुडत असल्याचे महालनोबिस यांना कळले. पलंगावर गाद्यांखाली नीट खोचलेल्या ब्लँकेटांच्या आत शिरून झोपायचे असते, हे त्या महान गणितज्ञाला कोणी सांगितलेच नव्हते; ते आपले वरच ओव्हरकोट पांघरून झोपत. महालनोबिस यांनी ब्लँकेटे उलगडून दाखवली.

आणखी एक प्रसंग त्यांनी पुढे आयुष्यभर सांगितला. एका मासिकात आलेले कोडे त्यांनी रामानुजन यांना वाचून दाखवले. एका रस्त्यावर ओळीने घरे आहेत. एका घराच्या डावीकडच्या सर्व घरांच्या क्रमांकांची बेरीज उजवीकडच्या बेरजेइतकीच भरते. घरे पन्नासपेक्षा जास्त आणि पाचशेपेक्षा कमी. तर ते घर कोणते? रामानुजन त्या वेळी भाजी परतत होते. हातातला उलथना न थांबवता त्यांनी अशी एक अपूर्णांकांची मालिका सांगितली की या कोड्याचीच नव्हे, तर अशा सर्व कोड्यांची उत्तरे तिच्यातून निघत जावीत. (उत्तर : २८८ घरांच्या रस्त्यावरचे २०४ क्रमांकाचे घर. रविवारी मुलांना घालून पाहावे असे हे कोडे आहे.)

१९१५ साली भौतिकशास्त्रात पहिला वर्ग मिळवून महालनोबिस सुट्टीसाठी मायदेशी यायला निघाले. महायुद्ध सुरू होते, बोटीला उशीर झाला. रिकामा वेळ कॉलेजच्या ग्रंथालयात घालवत असताना त्यांचे शिक्षक मॅकॉले यांनी 'बायोमेट्रिका' या नियतकालिकाचे काही खंड त्यांच्यापुढे ठेवले. माणसांची, प्राण्यांची, वनस्पतींची मोजमापे घेऊन त्यांतून निष्कर्ष काढणारे हे नवे शास्त्र पाहून महालनोबिस चकित झाले. त्यांनी सगळे खंड विकत घेतले आणि समुद्रप्रवासात वाचून काढले. बोट कलकत्त्याला लागेपर्यंत भौतिकशास्त्राचा हा विद्यार्थी सांख्यिकीचा झाला होता. केंब्रिजला परत जाणे मग राहूनच गेले. प्रेसिडेन्सी कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले आणि पुढे तिथलेच प्राचार्यही झाले.

नागपूरची भेट

या कहाणीत आपल्या नागपूरलाही एक मानाचे पान आहे. १९२० साली भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन नागपुरात भरले होते. तिथे महालनोबिस यांची भेट झाली प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे संचालक नेल्सन अॅनन्डेल यांच्याशी. कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन समाजातील माणसांच्या शरीराची मोजमापे अॅनन्डेल यांनी घेऊन ठेवली होती. त्यांचा अर्थ लावून देण्याचे काम त्यांनी या तरुण प्राध्यापकावर सोपवले. १९२२ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढे त्याच धाग्यावरून १९३६ साली महालनोबिस यांनी जगाला एक नवे माप दिले. दोन मानवसमूह एकमेकांच्या किती जवळचे वा दूरचे आहेत हे उंची, डोक्याची रुंदी, नाकाची लांबी अशा अनेक मोजमापांचा एकत्रित आणि परस्परसंबंधांसह विचार करून सांगणारे ते माप 'महालनोबिस अंतर' म्हणून जगभर ओळखले जाते. आजच्या संगणकयुगातही ते रोजच्या वापरात आहे.

पण प्रयोगशाळेतल्या मोजमापांपेक्षा त्यांना ओढ होती ती रस्त्यावरच्या, शेतातल्या, नदीकाठच्या प्रश्नांची. १९२२ साली उत्तर बंगालात मोठा पूर आला. पाणी अडवण्यासाठी खर्चिक जलाशय बांधावेत, असे तज्ज्ञ सांगत होते. महालनोबिस यांनी अर्ध्या शतकाच्या पावसाच्या नोंदी काढल्या आणि प्रश्न पाणी साठवण्याचा नसून साचलेले पाणी लवकर वाहून जाण्याचा आहे, हे दाखवून दिले. १९२६ साली ओरिसात ब्राह्मणी नदीला पूर आला. नदीचे पात्र गाळाने वर आले आहे, तेव्हा बांध आणखी उंच करावेत, असा अभियंत्यांचा निष्कर्ष होता. पुन्हा जुन्या नोंदी, पुन्हा बेरजा. पात्र वर आलेलेच नाही, हे आकड्यांनी सिद्ध झाले. उपाय नदीच्या वरच्या अंगाला धरणे बांधण्याचा आहे, असे त्यांनी सांगितले. अनेक वर्षांनी उभ्या राहिलेल्या हिराकूड प्रकल्पामागच्या विचाराची मुळे या अभ्यासापर्यंत जातात.

दोनशे अडतीस रुपये

याच सुमारास ते रवींद्रनाथांच्या निकट होते. विश्वभारतीचे चिटणीसपद त्यांनी दहा वर्षे सांभाळले. १९२३ साली त्यांचा विवाह निर्मलकुमारी मैत्र यांच्याशी झाला. घरातले नाव राणी. ब्राह्मो समाजातल्या मतभेदांमुळे वधूपित्याचा या लग्नाला विरोध होता. वधूपित्याच्या जागी उभे राहिले ते महालनोबिस यांचे मामा, प्रख्यात डॉक्टर नीलरतन सरकार. १९२६ साली रवींद्रनाथ युरोपच्या दौऱ्यावर गेले तेव्हा हे जोडपे त्यांच्यासोबत होते. रवींद्रनाथांच्या निवडक कवितांचा 'चयनिका' हा संग्रह नव्याने काढायचा ठरला तेव्हा महालनोबिस यांनी वाचकांचीच मते मागवली आणि ती मोजली. कविता निवडण्याचे काम समीक्षकांवर न सोपवता वाचकांची पसंती अजमावणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आज वर्तमानपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी सगळेच वाचक-प्रेक्षकांच्या आवडीनिवडीची पाहणी करतात.

प्रेसिडेन्सी कॉलेजातल्या आपल्या खोलीच्या एका भागात त्यांनी सांख्यिकीची प्रयोगशाळा थाटली होती. डिसेंबर १९३१ मध्ये तिचे रूपांतर भारतीय सांख्यिकी संस्थेत झाले. पहिल्या वर्षीचा संस्थेचा एकूण खर्च होता २३८ रुपये! १९३३ मध्ये संस्थेने 'सांख्य' हे नियतकालिक सुरू केले आणि पाहता पाहता जगातल्या विद्वानांचे लेख त्यात येऊ लागले. संस्था पुढे बारानगरला गेली आणि १९५९ साली संसदेच्या कायद्याने ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. आपले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. ते अनेक वर्षे या संस्थेचे अध्यक्ष होते. महालनोबिस यांच्या कामाला दिल्लीत जे बळ मिळाले, त्यात या मराठी माणसाचाही वाटा आहे.

भात नीट ढवळायला हवा

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो. सगळा भात शिजला की नाही हे पाहायला कोणी पातेले रिकामे करत नाही. एक शीत दाबून पाहिले की झाले. महालनोबिस यांच्या कामाचे सार या म्हणीत आहे. मात्र स्वयंपाक करणाऱ्या कोणत्याही बाईला हेही ठाऊक असते, की वरचेच शीत पाहून चालत नाही. तळाचा भात करपलेला आणि वरचा कच्चा, असेही होते. शीत कुठून घ्यायचे, किती घ्यायची आणि त्यावरून काढलेला अंदाज किती चुकू शकतो, हे सांगणे म्हणजे नमुना पाहणीचे शास्त्र.

ते त्यांनी बंगालच्या तागाच्या शेतांत घडवले. ताग हे बंगालचे नगदी पीक. किती एकरांत लागवड झाली यावर बाजारभाव हलत. सरकारी आकडे चौकीदार-पाटलांच्या अंदाजांवर बेतलेले. १९३७ पासून महालनोबिस यांनी आधी लहान, मग मोठ्या चाचणी पाहण्या केल्या आणि १९४१ पर्यंत साऱ्या प्रांताची पाहणी उभी केली. नकाशावर केवळ योगायोगाने निवडलेले तुकडे आणि तेवढ्याच तुकड्यांवर प्रत्यक्ष जाऊन केलेली मोजणी. सोयीचे, रस्त्याकडेचे शेत निवडण्याची मुभा कोणालाच नाही. शेत न् शेत मोजण्याच्या तुलनेत खर्च सुमारे दशांशावर आला आणि अंदाज मात्र अधिक भरवशाचे निघाले. माणसे थोडी असली की त्यांना नीट शिकवता येते, त्यांच्या कामावर लक्ष ठेवता येते, हे त्यामागचे साधे इंगित.

त्यांची आणखी एक युक्ती घरगुती वाटावी अशी आहे. एकाच भागात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवायच्या. दोघांचे नमुने वेगळे, दोघांची एकमेकांशी गाठ नाही. दोन्ही उत्तरे जुळली तर ठीक. फार फरक पडला तर कुठेतरी पाणी मुरते आहे असे समजायचे. आपल्या आकड्यांवर आधी आपणच संशय घ्यायचा, ही शिस्त त्यांनी भारतीय सांख्यिकीला लावली.

या पद्धतीवर आक्षेप घेणारेही तोलामोलाचे होते. त्यांतले सर्वात मोठे नाव सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे. पिकाचा उतारा काढण्यासाठी महालनोबिस अगदी लहान आकाराचे तुकडे कापून मोजत. इतक्या लहान तुकड्यात कडेची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, असे सुखात्मे यांचे म्हणणे होते. हा वाद वर्षानुवर्षे रंगला, कधी कडवटही झाला. सुखात्मे पुढे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. या दोघांच्या भांडणातून देशाच्या पीकमोजणीचा फायदाच झाला.

१९४३ चा बंगालचा भीषण दुष्काळ या पद्धतीची खरी कसोटी पाहणारा ठरला. लाखो माणसे गेली. जे उरले त्यांचे काय झाले, कोणाची जमीन गेली, कोणाची गुरे, कोण भिकेला लागले, हे महालनोबिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी नमुना पाहणी करून नोंदवले. दुष्काळात आधी भरडला जातो तो भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर. हे त्या रकान्यांनी दाखवले. १९४५ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

घराचा उंबरठा ओलांडून

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा नव्या सरकारला आपल्याच जनतेबद्दल फार थोडे ठाऊक होते. देशाचे उत्पन्न किती, माणूस खातो काय, नेसतो काय, कमावतो किती? १९४९ साली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. अध्यक्ष महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. हिशेब मांडायला बसल्यावर लक्षात आले, की हिशेबाला लागणारी माहितीच नाही. त्या निकडीतून, पंडित नेहरूंच्या पाठिंब्याने, राष्ट्रीय नमुना पाहणी जन्माला आली.

ऑक्टोबर १९५० मध्ये पहिली फेरी सुरू झाली. देशातल्या साडेपाच लाखांवर खेड्यांतून १,८३३ खेडी निवडली गेली. आलेल्या माहितीच्या संकलनात कलकत्त्याच्या बरोबरीने पुण्याच्या गोखले संस्थेचाही सहभाग होता. शिकवून तयार केलेले पाहणीदार बैलगाडीने, होडीने, पायी त्या खेड्यांत पोचले. प्रत्येक भागाची भाषा वेगळी, मापे वेगळी. कुठे शेर, कुठे पायली, कुठे टोपली. घरात आलेले धान्य विकतचे की शेतातले, की मजुरीपोटी मिळालेले, हेही विचारायचे. इतका मोठा देश, इतक्या तपशिलाने आणि पुन:पुन्हा पाहणारा असा उपक्रम त्या वेळी जगात दुसरा नव्हता.

यातला एक प्रश्न तर प्रत्येक गृहिणीच्या ओळखीचा आहे. घरात तांदूळ किती लागला हे विचारताना गेल्या आठवड्याचे विचारावे की महिन्याचे? आठवडा ताजा असतो, म्हणून उत्तर अचूक येईल असे वाटते. महालनोबिस यांनी वाटण्यावर काही सोडले नाही. १९५२ साली पश्चिम बंगालातील खेड्यांत प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याचे विचारले, काहींना महिन्याचे, आणि काही घरांत पाहणीदारांनी स्वत: धान्य वजन करून पाहिले. महिन्याचे उत्तर वजनाच्या जवळ निघाले! आठवड्याचे सांगताना माणसे त्याआधीचेही त्यात घालतात. शिवाय आपल्याकडे वाणसामान महिन्याचे भरायची रीत. तेव्हापासून राष्ट्रीय पाहणीत गेल्या तीस दिवसांचे विचारण्याचा प्रघात पडला आणि पुढे अनेक दशके अर्थशास्त्रज्ञ या तीस दिवसांवरून भांडत राहिले.

याच पाहणीच्या आकड्यांवर उभे राहून पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा आपला गाजलेला अभ्यास मांडला. १९६०-६१ च्या सुमारास खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसे पुरेसे अन्नही मिळवू शकत नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष होता. गरिबीवर देशात जी चर्चा झाली, तिचा पाया हे रकाने होते.

योजनेचा शिल्पकार

दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा महालनोबिस यांच्या गणिती प्रतिमानावर बेतला होता, हे सर्वश्रुत आहे. आधी यंत्रे बनवणारे कारखाने उभारा, मग त्या यंत्रांतून बाकीचे उद्योग वाढतील, हा त्याचा गाभा. पोलाद आले, अवजड उद्योग आले. पण शेतीकडे आणि रोजच्या वापराच्या वस्तूंकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले, अशी टीका तेव्हाही झाली आणि पुढेही होत राहिली. ती पूर्णपणे चुकीची म्हणता येणार नाही. एक मात्र खरे, की योजनांचा लाभ नेमका कोणाच्या पदरात पडला, हे तपासण्यासाठी १९६० साली नेमलेल्या समितीचे अध्यक्षही महालनोबिसच होते.

देशातला पहिला अंकीय संगणक त्यांच्याच संस्थेत आला. बारानगरचे त्यांचे 'आम्रपाली' हे घर म्हणजे जगभरच्या विद्वानांचा उतारा होता. फिशर, नॉर्बर्ट वीनर, हॉल्डेन यांच्यासारखी माणसे संस्थेत आली, राहिली, शिकवून गेली. चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी १९५६ साली संस्थेला भेट दिली.

संस्थेचा कारभार महालनोबिस एकहाती चालवत, सहकाऱ्यांना ते जाचक वाटे, हेही नमूद केले पाहिजे. अखेरच्या वर्षांत संस्थेत असंतोष माजला. १९७० साली राष्ट्रीय नमुना पाहणी संघटना स्वतंत्रपणे सरकारी खात्यात स्थापन झाली आणि त्यांनी वाढवलेले हे काम संस्थेकडून काढून घेण्यात आले. तो घाव त्यांना लागला. १९६८ साली पद्मविभूषण मिळाले होते, जगभरचे मान मिळाले होते. पण हातातले काम गेल्याचे दु:ख मानपत्रांनी भरून निघत नाही. २८ जून १९७२ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झाले. सारे घर एका पडद्यासमोर बसू लागण्याआधीच घराघरांत डोकावून मोजणी करणारा हा माणूस निघून गेला होता.

रकान्याबाहेरची बाई

महालनोबिस यांच्या पाहणीने घरातला तांदूळ मोजला, तेल मोजले, मीठसुद्धा मोजले. तो तांदूळ निवडणारी, शिजवणारी, वाढणारी आणि शेवटी जेवणारी बाई दिवसाचे किती तास काम करते, हे मात्र मोजले नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात गृहिणीचे काम धरायचे नाही, हा जगाचा प्रघात होता आणि भारतानेही तोच स्वीकारला. मोलकरणीने भांडी घासली तर देशाचे उत्पन्न वाढते; घरच्या बाईने घासली तर वाढत नाही!

पुढे रोजगाराच्या पाहण्यांत अशा बायकांसाठी दोन सांकेतिक क्रमांक आले. केवळ घरकाम करणारी ती ९२. आणि घरकामाबरोबर सरपण, भाजीपाला, गुरांचा चारा गोळा करणारी, घरच्यांसाठी शिवणटिपण करणारी ती ९३. दोघींची नोंद श्रमशक्तीच्या बाहेर. डोक्यावर मोळी घेऊन दोन कोस चालणारी बाई सरकारच्या लेखी काम करत नव्हती.

राणी महालनोबिस यांचेच उदाहरण घ्या. रवींद्रनाथांच्या अखेरच्या आजारपणात त्या त्यांच्याजवळ होत्या आणि त्या दिवसांची हकिगत त्यांनी नंतर पुस्तकरूपाने लिहिली. देशोदेशीच्या पाहुण्यांनी गजबजलेल्या 'आम्रपाली'ची यजमानीणही त्याच. देशातली सर्वात मोठी मोजणी ज्या घरातून चालली, त्या घरातल्या या श्रमांसाठीही कोणत्या तक्त्यात रकाना नव्हता.

तो रकाना तयार व्हायला वेळ लागला. जुलै १९९८ ते जून १९९९ या काळात केंद्रीय सांख्यिकी संघटनेने हरियाणा, मध्य प्रदेश, गुजरात, ओरिसा, तामिळनाडू आणि मेघालय या सहा राज्यांत, साडेअठरा हजारांवर घरांत, वेळेच्या वापराची पाहणी केली. महाराष्ट्र त्यात नव्हता. दिवस नेहमीचा होता, आठवडी बाजारासारखा वेगळा होता, की सणाचा-आजारपणाचा, हेही वेगवेगळे नोंदवले गेले. निष्कर्ष असा, की राष्ट्रीय उत्पन्नात धरल्या जाणाऱ्या कामांवर पुरुषांचे आठवड्याला सुमारे ४२ तास जात, बायकांचे सुमारे १९. पण स्वयंपाक, धुणीभांडी, मुलेबाळे यांवर पुरुषांचे साडेतीन तासांच्या आसपास आणि बायकांचे साडेचौतीसच्या वर! दोन्ही बेरजा करून पाहिल्या तर जास्त काम कोण करते, हे वेगळे सांगायला नको.

साऱ्या देशाची अशी पाहणी पहिल्यांदा झाली २०१९ साली. सुमारे १ लाख ३९ हजार घरे आणि साडेचार लाखांच्या आसपास माणसे. आदल्या दिवशीच्या पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतचे चोवीस तास, अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यात काय केले ते सांगायचे. पहाटे चारच का? कारण त्या वेळी बहुतेक घरे झोपलेली असतात. तीस दिवसांचा तांदूळ आठवतो, पण तीस दिवसांचे तास कोणाला आठवणार? म्हणून इथे फक्त काल.

२०२४ साली हीच पाहणी पुन्हा झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ८८. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पंधरा ते एकोणसाठ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के मुलांचे, म्हाताऱ्यांचे, आजाऱ्यांचे करतात आणि त्यावर दिवसाचे १४० मिनिटे घालवतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आणि ७४ मिनिटे. करमणूक, प्रसारमाध्यमे, खेळ यांचा वाटा मात्र वाढला आहे. २०१९ मध्ये दिवसाचा ९.९ टक्के वेळ त्यात जाई, २०२४ मध्ये ११ टक्के. म्हणजे अडीच तासांहून थोडा अधिक. रामायणाच्या वेळी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, तेव्हा सारे घर एकाच पडद्यासमोर असे. आता पडदा प्रत्येकाच्या हातात आहे.

हे आकडे वाचून घरोघरी वाद होतील. कोणी म्हणेल आमच्याकडे असे नाही, कोणी म्हणेल आमच्याकडे याहून वाईट. ते होऊ द्यावेत. सरासरी म्हणजे कोणा एका घराची हकिगत नव्हे. पण ती सांगून ठेवते, की पाणी नळाने घरात आले, गॅस आला, पाळणाघर जवळ असले, तर कोणाचे किती तास मोकळे होतील. असे प्रश्न सरकारला विचारायचे तर हातात आकडा लागतो; नुसत्या हळहळीवर अंदाजपत्रकात तरतूद होत नाही.

महालनोबिस यांनी या देशाला मोजण्याची रीत दिली. काय मोजायचे, हे ठरवण्याचे काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते. त्यांच्या पिढीने धान्य मोजले, कारण तेव्हा भुकेचा प्रश्न ऐरणीवर होता. ९२ आणि ९३ या क्रमांकांमागे झाकल्या गेलेल्या बायकांचे तास मोजायला आपल्याला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. आता ते मोजले गेले आहेत. पाहणीदार कधी आपल्या दारात आला आणि कालचा दिवस विचारू लागला, तर उत्तर घरातल्या कर्त्या पुरुषाने सर्वांच्या वतीने देऊ नये. ज्याचा दिवस, त्याने किंवा तिने तो स्वत: सांगावा.